रुग्णाचं वजन, उंची, दंडाचा घेर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हे प्रश्न ओपीडीबाहेरच्या बाकावर, फोनवर, नर्सिंगच्या मुलींकडून आणि अंगणवाडीताईंकडून पुन्हा पुन्हा येतात. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेक आकडे मोठ्या माणसांचे आहेत. मुलांसाठी थेट प्रश्न १६ आणि १७ पहा.

१. पेशंट डोळ्यांसमोर आहे, खंगलाय हे दिसतंय. मग वजन-उंचीचा घोळ कशाला?

कारण डोळा फसतो. घरचे रोज बघत असतात, त्यांना हळूहळू उतरलेलं अंग जाणवत नाही. सहा महिन्यांनी पुण्याहून आलेली लेक मात्र दारातच म्हणते, "आण्णा, निम्मे झालात की!" दोघांचे डोळे खरेच, पण फाइलमध्ये लिहिणार काय? शिवाय अंगावर सूज असली तर माणूस भरलेला दिसतो (प्रश्न १२), आणि जाड माणसाचे स्नायू झडले तर ते कपड्यांतून कळतच नाही (प्रश्न १०).

दुसरं म्हणजे पुढचे कितीतरी निर्णय वजनावर उभे असतात. आजारी माणसाला दिवसाला किती ऊर्जा द्यायची याचा पहिला हिशेब साधारण किलोमागे २५ ते ३० कॅलरी असा धरतात. ५० किलोच्या माणसाला अंदाजाने ६० धरलं की रोज २५०-३०० कॅलरींची चूक झाली, म्हणजे दोनेक भाकऱ्या. नळीतून आहार चालू असेल तर ही चूक रोज न चुकता पोटात जाते. बऱ्याच औषधांचे डोसही किलोवर ठरतात.

२. बीएमआय म्हणजे नक्की काय आणि घरी कसा काढायचा?

वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये. उंचीला उंचीने गुणा आणि त्या उत्तराने वजनाला भागा. ५२ किलो वजन आणि १.६५ मीटर उंची असेल तर ५२ भागिले २.७२, म्हणजे १९.१.

१८.५ च्या खाली कमी वजन. १७ च्या खाली मध्यम आणि १६ च्या खाली तीव्र कृशता. वरच्या बाजूला जागतिक आरोग्य संघटना २५ ला जास्त वजन आणि ३० ला स्थूलता म्हणते. आपल्या लोकांना मात्र कमी बीएमआयलाच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात. एकच माणूस एका तक्त्यात 'ठीक' आणि दुसऱ्यात 'जास्त' का दिसतो, या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

हे सूत्र कुणा डॉक्टरचं नाही. केटले नावाच्या बेल्जियन खगोल-संख्याशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ते लोकसमूहांच्या अभ्यासासाठी मांडलं, आणि 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव त्याला १९७२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्या शोधनिबंधातून मिळालं. गर्दी मोजायला काढलेलं माप एकेका माणसाला लावताना कुठे कुठे अडतं, ते प्रश्न १० ते १५ मध्ये येईल.

३. वजन घेण्यात शिकण्यासारखं काय आहे? काट्यावर उभं राहायचं, झालं.

आपल्या जिल्ह्यातला शेतकरी उसाची गाडी काट्यावर चढली की डोळ्यांत तेल घालून उभा असतो. वीस किलो इकडे तिकडे झालं तर आवाज चढतो. तोच माणूस दवाखान्यात पायात जाडजूड कोल्हापुरी, खिशात मोबाईल, किल्ल्यांचा जुडगा आणि खांद्यावर टॉवेल घेऊन काट्यावर चढतो, आणि सांगितलेला आकडा मान डोलावून घेतो. उसाच्या काट्यावरचा संशय थोडा इकडेही आणा.

काटा सपाट, कडक फरशीवर हवा, सतरंजीवर नको. चढण्याआधी शून्य दिसायला हवं. चप्पल, स्वेटर, जड दागिने उतरवा, लघवीला जाऊन या, पाय मधोमध ठेवा, भिंतीला किंवा नातेवाइकाला धरू नका. पुढच्या वेळी तोच काटा आणि दिवसाची तीच वेळ. दोन काट्यांत किलोभर फरक सहज असतो, आणि घरच्या काट्यावर ६१ व दवाखान्यात ५९.५ आलं म्हणून 'दीड किलो उतरलं' असा निष्कर्ष निघत नाही.

काटा बरोबर आहे का हे प्रमाणित वजनं ठेवून पाहतात. एका वॉर्डबॉयने हौसेने गुळाचा रवा, म्हणजे ढेप, ठेवून काटा तपासला होता. कल्पना झकास, पण पावसाळी हवेत गुळाला पाणी सुटतं आणि रव्याचं वजनही जाग्यावर राहत नाही.

४. उंची तर बदलत नाही. आधार कार्डासारखी एकदाच लिहून ठेवली तर चालेल ना?

तरुण माणसाची चालेल, पण ती मोजलेली असावी, सांगितलेली नको. पुरुष दोन-तीन सेंटिमीटर वाढवून सांगतात असा माझा अनुभव आहे. बीएमआयमध्ये उंचीचा वर्ग होतो, त्यामुळे इथली छोटी चूक तिथे मोठी होते. साठीनंतर मणके दबतात, पाठ वाकते आणि उंची खरोखर कमी होते. पाठ फार वाकली असेल तर प्रश्न ५ मधली पद्धत घ्या.

मोजताना टाचा, कुल्ले, पाठ भिंतीला. नजर सरळ समोर, म्हणजे डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत. अंबाडा सोडा, फेटा उतरवा. पट्टी डोक्याला टेकेपर्यंत खाली आणा. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून घेतात. मूल उभंच मोजावं लागलं तर ०.७ सेंटिमीटर मिळवा. दोन वर्षांवरच्याला झोपवून मोजलं तर तेवढेच वजा करा.

५. आमची आज्जी अंथरुणाला खिळली आहे, उभी राहू शकत नाही. उंची कशी काढायची?

शरीरातली काही हाडं वयाबरोबर फारशी आखूड होत नाहीत. त्यांच्या लांबीवरून उंचीचा अंदाज निघतो.

सर्वांत जास्त वापरात आहे गुडघ्याची उंची. आज्जींना उताणं झोपवा, गुडघा आणि घोटा दोन्ही काटकोनात वाकवा, आणि तळव्यापासून मांडीच्या वरच्या पृष्ठापर्यंत, गुडघ्याजवळ, अंतर मोजा. मग:

बाई: ८४.८८ − (०.२४ × वय) + (१.८३ × गुडघ्याची उंची)
पुरुष: ६४.१९ − (०.०४ × वय) + (२.०२ × गुडघ्याची उंची)

७२ वर्षांच्या आज्जींची गुडघ्याची उंची ४६ सेंटिमीटर आली, तर ८४.८८ वजा १७.२८ अधिक ८४.१८, म्हणजे सुमारे १५२ सेंटिमीटर.

पाय आखडले असतील तर अर्धा पल्ला घ्या. हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरवून, गळ्याखालच्या खळगीच्या मध्यापासून मधल्या आणि अनामिका बोटाच्या बेचक्यापर्यंतचं अंतर. बाईसाठी त्याला १.३५ ने गुणून ६०.१ मिळवा, पुरुषासाठी १.४० ने गुणून ५७.८.

ही सूत्रं परदेशी माणसांच्या मापांवरून बसवलेली आहेत. आपल्याकडे ती चार-पाच सेंटिमीटर चुकू शकतात. म्हणून फाइलमध्ये '१५२, गुडघ्यावरून' असं लिहा. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणी हातावरून काढली तर आज्जी अचानक उंच झाल्यासारखी दिसायला नको.

६. वजनच घेता येत नाही, पेशंट व्हेंटिलेटरवर आहे. मग?

पलंगाला काटा असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर टेप काढा आणि दंडाचा घेर घ्या. माझ्या मते हे सगळ्या मापांतलं सर्वांत प्रामाणिक माप आहे: पाच रुपयांच्या शिवणकामाच्या टेपनेही होतं आणि पायावरच्या सुजेला भुलत नाही.

डावा हात कोपरात काटकोनात वाकवा. खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्यामधलं अंतर मोजून मधोमध पेनने खूण करा. आता हात सरळ, सैल सोडा आणि खुणेवरून टेप फिरवा. टेप कातडीला टेकावी, पण कातडी दबू नये. बाहीवरून मोजू नका. ब्लाउजची बाही घट्ट म्हणून वर सरकवली की तिच्या काचाखाली घेर बदलतो. तेव्हा हात बाहेरच काढा.

मोठ्या माणसाचा घेर २३.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर बीएमआय २० च्या खाली असण्याची शक्यता बरीच. नेमका बीएमआय यातून निघत नाही. पण काही आठवड्यांत घेर दहा टक्क्यांनी घटला, समजा २७ वरून साधारण २४ वर आला, तर वजनही साधारण तेवढ्याच प्रमाणात घटलं असं धरता येतं. हात सुजला असेल तर हे माप सोडा.

७. दंड, पोटरी, कंबर: कुठलं माप कुणासाठी?

तिन्ही वेगवेगळं सांगतात. दंड चरबी आणि स्नायूंच्या एकूण साठ्याबद्दल. पोटरी स्नायूंबद्दल, आणि म्हाताऱ्या माणसांत विशेष: आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या शिफारशीप्रमाणे पुरुषात ३४ आणि बाईत ३३ सेंटिमीटरच्या खाली पोटरी आली तर स्नायू झडल्याची शंका घ्यायची. कंबर पोटातल्या चरबीबद्दल: पुरुषात ९० आणि बाईत ८० सेंटिमीटर ही आपल्यासाठीची रेषा.

कंबर म्हणजे पँट किंवा परकराची नाडी बसते ती जागा नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. पोट आत ओढणाऱ्यांना जरा बोलण्यात गुंतवावं लागतं.

८. किती वजन उतरलं म्हणजे काळजी करायची?

किलो मोजू नका, टक्के मोजा. नेहमीच्या वजनातून आताचं वजा करा, नेहमीच्या वजनाने भागा, शंभराने गुणा. ६८ चे ६१ झाले म्हणजे सात किलो, म्हणजे १०.३ टक्के. तेच सात किलो ९५ किलोच्या माणसात ७.४ टक्के होतात आणि ४५ किलोच्या बाईत साडेपंधरा.

प्रयत्न न करता महिन्यात ५ टक्क्यांहून, तीन महिन्यांत साडेसात टक्क्यांहून किंवा सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त उतरलं तर ते गंभीर. हे माप मला बीएमआयपेक्षा मोलाचं वाटतं. बीएमआय माणसाला अनोळखी गर्दीशी ताडून बघतो. इथे तो माणूस त्याच्याच कालच्या स्वतःशी ताडला जातो.

अडचण एकच: 'नेहमीचं वजन' कुणाला आठवत नाही. मग शोधावं लागतं. जुन्या ऑपरेशनची फाइल, विम्याची तपासणी, रक्तदानाचं कार्ड. कागद नसेल तर वस्तू बोलतात. पट्ट्याला घरी पाडलेलं नवं भोक आणि जुन्या भोकापाशी पडलेला वळ. अंगठीला गुंडाळलेला दोरा. बांगड्या मनगटावर न थांबता कोपराकडे सरकतात. हुपरीत घडवलेली, वर्षानुवर्षं घोट्याशी बसलेली पैंजणं आता टाचेवर उतरलीत. किती किलो ते यातून कळत नाही, पण किती दिवसांत ते बऱ्याचदा कळतं: "दिवाळीत ब्लाउज बसत होता, आता दोन्ही बाजूंनी टीप मारलीय."

'डाएट' केलं म्हणून उतरलेलं वजन या हिशेबात नाही. पण भूक चांगली, खाणं भरपूर आणि तरी उतरतंय, असं असेल तर खूश होऊ नका. साखर, थायरॉइड आणि टीबी तपासून घ्या.

९. बरंच वजन उतरलंय. आता घरी नेऊन दणकून खायला घालतो. चालेल?

तांबडा रस्सा, उकडलेली अंडी, दूध-बदाम, थंडाई असा बेत घरोघरी ठरतो आणि त्यामागची माया मला कळते. पण बीएमआय १६ च्या खाली असेल, किंवा तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं असेल, किंवा दहा दिवसांहून अधिक काळ पोटात जवळजवळ काही गेलं नसेल, तर एकदम भरपूर खाणं धोक्याचं आहे. उपाशी शरीराला अचानक साखर मिळाली की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम भराभर पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा वेळी आहार थोड्यापासून सुरू करून काही दिवसांत वाढवतात, सोबत रक्ततपासणी करतात आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देतात. हे दवाखान्याच्या देखरेखीखालीच करायचं. रस्सा पळून जात नाही.

१०. आमची वैनी ८२ किलोची आहे आणि डॉक्टर म्हणतात कुपोषण. थट्टा आहे का?

थट्टा नाही. कुपोषण म्हणजे फक्त हडकुळेपणा, ही समजूत जुनी आहे. २०१९ मध्ये जगभरच्या क्लिनिकल पोषण संस्थांनी मिळून निदानाचे निकष ठरवले, त्यांना ग्लिम म्हणतात. त्यात शरीराची तीन लक्षणं आहेत: सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त (किंवा त्याहून लांब काळात १० टक्क्यांहून जास्त) घटलेलं वजन, कमी बीएमआय, आणि घटलेले स्नायू. कारणं दोन: खाणं किंवा पचन कमी होणं, आणि आजाराची दाहक अवस्था. एक लक्षण आणि एक कारण जुळलं की निदान झालं. यात ८२ किलो कुठेच आडवे येत नाहीत. वैनी चार महिन्यांपूर्वी ९१ किलोच्या होत्या आणि पोटाच्या ऑपरेशननंतर निम्मंच जेवतात, एवढं पुरेसं आहे.

कमी बीएमआयचा आकडाही इथे वयानुसार बदलतो. आशियाई लोकांसाठी सत्तरीच्या आत १८.५ आणि सत्तरीनंतर २०. म्हाताऱ्या माणसाचा १९ हा 'नॉर्मल' नाही.

स्नायूंचा अंदाज पोटरीवरून येतो (प्रश्न ७) आणि मुठीच्या ताकदीवरून. डायनामोमीटर नावाचं दांड्याचं यंत्र दाबायला देतात. पुरुषात २८ आणि बाईत १८ किलोच्या खाली आलं तर ताकद कमी. यंत्र नसेल तर मी विचारते, "पिळलेल्या साडीतनं पाणी निघतंय का अजून?" हे शास्त्र नव्हे, पण उत्तर मिळतं.

११. माझा मुलगा तालमीत आहे. बीएमआय ३२ आला आणि रिपोर्टवर 'स्थूल' लिहिलं. वजन कमी करायचं का?

१०५ किलो भागिले १.८० चा वर्ग, ३२.४. सूत्राला त्यातला जोर-बैठकांचा वाटा दिसत नाही. खासबागेच्या कुस्तीच्या हौद्यात उतरणाऱ्या कित्येकांना हे सूत्र स्थूलच ठरवील. पैलवानाला कंबर आणि कॅलिपरचं माप घ्यावं (प्रश्न १९). कंबर ९० च्या आत आणि दंड-मांडी कडक असेल तर बीएमआय बाजूला ठेवा. पण पैलवान आहे म्हणून ११० ची कंबरही माफ, असं मात्र नाही.

माझ्याकडे खरी अडचण घेऊन येतात ते पन्नाशीतले, तालीम सोडलेले वस्ताद. खुराक तोच राहिला, मेहनत थांबली. वजन २५ व्या वर्षी ९५ आणि ५५ व्या वर्षीही ९५, म्हणून घरचे निर्धास्त. दरम्यान स्नायूंच्या जागी चरबी आली आणि काट्याला पत्ताच नाही. आजारपणात हेच शरीर झपाट्याने कोसळतं.

१२. पोटात पाणी झालंय, पाय सुजलेत. वजन वाढलं म्हणजे तब्येत सुधारली का?

नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका यकृताच्या रुग्णाचं आठवड्यात तीन किलो वजन वाढलं म्हणून मी त्याच्या बायकोचं कौतुक करून आले. वॉर्डातल्या सिस्टरनी काही न बोलता त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

अशा वेळी पाण्याचं वजन अंदाजाने वजा करतात. जलोदर, म्हणजे पोटातलं पाणी, सौम्य असेल तर २.२ किलो, मध्यम ६, मोठा १४. पायांची सूज सौम्य १, मध्यम ५, खूप असेल तर १० किलो. ५८ किलोचा, १.६२ मीटर उंचीचा रुग्ण, मध्यम जलोदर आणि सौम्य सूज: ५८ वजा ७ म्हणजे ५१. काट्यावरचा बीएमआय २२.१, खरा सुमारे १९.४. हा ढोबळ हिशेब आहे, म्हणून सोबत दंडाचा घेर घ्याच. पोट मोठं आणि दंड काडी, हे चित्र यकृताच्या वॉर्डात रोज दिसतं.

१३. डायलिसिसवर आहे. कुठलं वजन धरायचं?

डायलिसिस झाल्यानंतरचं, म्हणजे कोरडं वजन. दंडाचा घेर फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडलेली रक्तवाहिनी) नसलेल्या हाताचा. कोरडं वजन अधूनमधून नव्याने ठरवावं लागतं. मांस झडत गेलं आणि जुनाच आकडा चालू ठेवला, तर झडलेल्या मांसाची जागा पाणी भरून काढतं आणि वजन जसंच्या तसं दिसतं.

१४. शुगरमुळे वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापला. बीएमआय कसा काढू?

गेलेल्या भागाचं वजन हिशेबात परत मिळवून. पूर्ण पाय शरीराच्या सुमारे १६ टक्के, गुडघ्याखालचा भाग ५.९, फक्त पाऊल १.५, पूर्ण हात ५ टक्के. आताचं वजन ५४ किलो असेल तर ५४ भागिले ०.९४१, म्हणजे ५७.४. उंची ऑपरेशनआधीची, समजा १.६८ मीटर. मिळवलं नाही तर बीएमआय १९.१, मिळवलं तर २०.३. जयपूर फूट काढूनच काट्यावर बसवा. औषधाच्या डोससाठी मात्र प्रत्यक्ष वजनच सांगा.

१५. गरोदर बाईचा बीएमआय किती हवा?

आताचा काढूच नका. पहिल्या तीन महिन्यांतलं वजन असेल तर त्यावरून काढा आणि पुढे वाढ बघा. आपल्याकडे नऊ महिन्यांत साधारण १० ते १२ किलो अपेक्षित धरतात, मुळात बारीक बाईला जास्त. उशिरा नाव नोंदवलं असेल तर दंडाचा घेर उपयोगी, कारण तो गरोदरपणात फारसा बदलत नाही. २३ सेंटिमीटरच्या खाली असेल तर जास्त लक्ष द्यायचं.

१६. मुलासाठी बीएमआय चालत नाही का? अंगणवाडीत वेगळंच काहीतरी मोजतात.

मोठ्यांच्या रेषा मुलांना चालत नाहीत. मूल वाढत असतं, म्हणून ते त्याच वयाच्या निरोगी मुलांशी ताडतात. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते आहेत. ज्या सहा देशांतल्या मुलांवरून ते बनले त्यांत भारतही होता, दिल्लीची मुलं. त्यामुळे 'ते गोऱ्या पोरांचं माप' हा आक्षेप टिकत नाही.

वयाला उंची कमी म्हणजे खुजेपण. ते दीर्घकाळच्या कुपोषणाचं. उंचीला वजन कमी म्हणजे लुकडेपण, ते अलीकडच्या उपासमारीचं किंवा आजाराचं. वयाला वजन कमी यात दोन्ही मिसळलेलं असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी आणि २५.६ टक्के लुकडी निघाली. दूध-गुळाच्या जिल्ह्यात बसून हे आकडे दूरचे वाटतात. पण गाळप हंगामात ऊसतोड मजुरांच्या पालावर टेप घेऊन गेलं की ते जवळ येतात.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली तर तीव्र कुपोषण, म्हणजे सॅम, ११.५ ते १२.५ मध्यम, म्हणजे मॅम. टेपवर लाल, पिवळा, हिरवा असे रंगच असतात. दोन्ही पावलांवर दाबून खळगा पडत असेल तर मापं काहीही येवोत, मूल सॅम धरायचं. भूक चांगली आणि दुसरा आजार नसेल तर गावातच उपचार होतात. भूक गेली, ताप, सूज, सुस्ती असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात.

१७. अंगणवाडीताई म्हणाल्या मूल सॅम आहे, दवाखान्यात म्हणाले वजन-उंचीने सॅम नाही. कुणाचं ऐकू?

दोघांचंही बरोबर असू शकतं. दंडघेर आणि उंचीला वजन ही दोन मापं बऱ्याचदा वेगवेगळी मुलं पकडतात. दंडघेरात लहान वयाची मुलं जास्त येतात. नियम असा की दोन्हींपैकी एकात जरी मूल लाल रेषेखाली आलं तरी ते सॅम. 'एकात पास झालं' म्हणून सोडून द्यायचं नाही. फक्त माप परत घ्या. रडणाऱ्या, हात झटकणाऱ्या पोराचा घेर पहिल्या फटक्यात क्वचितच बरोबर येतो.

१८. टीबीच्या उपचारात दर महिन्याला वजन का घेतात?

डोस वजनाच्या गटावर ठरतो, आणि वजन वाढून गट बदलला की गोळ्याही बदलतात. पण त्याहून मोठं कारण आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ४० किलोच्या माणसाला म्हणजे फक्त दोन किलो. टीबीच्या रुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेत दरमहा मिळणारे पैसे (२०१८ मध्ये ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १०००) त्यासाठीच आहेत. ते अंडी-शेंगदाण्यात गेले का, एवढं घरच्यांनी बघावं.

१९. जिममधलं यंत्र चरबी, स्नायू, पाणी सगळं सांगतं. मग टेप कशाला?

ते यंत्र शरीरातून अगदी सौम्य वीज सोडून पाण्याचा अंदाज घेतं आणि बाकीचं सूत्रावरून काढतं. धडधाकट माणसात ठीक. सुजलेल्या, जुलाबाने सुकलेल्या किंवा सलाइन लावलेल्या रुग्णात पाण्याचाच हिशेब चुकलेला असतो, म्हणून पुढचं सगळं चुकतं. पेसमेकर असेल तर वापरू नका.

कॅलिपर म्हणजे चिमटा. दंडाच्या मागच्या बाजूची कातडी आणि तिच्याखालची चरबी चिमटीत धरून जाडी मोजतात. मग दंडाच्या घेरातून ३.१४ गुणिले ती जाडी वजा केली की स्नायूंचा घेर मिळतो. घेर २२ सेंटिमीटर आणि जाडी ८ मिलिमीटर (०.८ सेंटिमीटर) असेल तर १९.५. चिमटीत स्नायू येऊ द्यायचा नाही, हे जमायला शेकडो दंड मोजावे लागतात. नवख्याच्या कॅलिपरपेक्षा सरावलेल्या हातातला टेप बरा.

२०. ऍडमिट असताना रोज वजन करतात आणि रोज वेगळं येतं. कुठलं खरं?

सगळीच, पण ती पाण्याची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. एका दिवसात किलोभर मांस चढत नाही की झडत नाही. रोजचं वजन हृदय-किडनीच्या डॉक्टरांना पाण्याच्या हिशेबासाठी हवं असतं. पोषणासाठी आठवड्यातून एकदा पुरे, दंडाचा घेर दोन ते चार आठवड्यांनी.

२१. सगळी मापं नॉर्मल आली. म्हणजे पोषण चांगलं?

टेपला रक्त दिसत नाही. हिमोग्लोबिन ७ असलेल्या, बी-१२ तळाला गेलेल्या बाईची सगळी मापं सुबक असू शकतात. तसंच दहा दिवसांपूर्वीपर्यंत ठणठणीत असलेला आणि आता काहीच न खाणारा माणूस अजून मापांत दिसायचा असतो. म्हणून 'गेल्या आठवड्यात किती खाल्लं' हा प्रश्न मापांइतकाच महत्त्वाचा. उलट बाजूने, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी आलं म्हणून लगेच कुपोषण म्हणू नका. ते जंतुसंसर्गात आणि सुजेतही उतरतं.

२२. तपासणीला येताना काय आणू?

जुन्या फाइली, अगदी दहा वर्षांपूर्वीच्याही. वजनाची नोंद कुठल्या पानावर सापडेल सांगता येत नाही. वर्षभरातला एखादा लग्नातला फोटो. रोजच्या वापरातला पट्टा (कारण प्रश्न ८ मध्ये). सैल बाहीचा शर्ट किंवा ब्लाउज घालून या. आणि पेशंटला जेवायला वाढणारं माणूस सोबत असू द्या. मुलगा म्हणतो "सगळं खातात की", आणि मागून सून हळूच सांगते, ताट निम्मं परत येतं.